आमच्या गावात तिनं मत मागितलं नाही

ये गं, अशी जवळ बस. तू तिकडे पुण्यात आहेस हे मला ठाऊक आहे, पण हे लिहिताना मी तुला ओट्यावर माझ्या शेजारी बसवलंय, आणि तुझा कान माझ्या हातात आहे. मतदानाला आली नाहीस ना? लहानपणापासून इथंच वाढलीस, नाव इथल्याच यादीत आहे. मी चष्मा लावून बघून आले, तुझ्या मामाच्या नावाखाली तुझं नाव होतं. सुट्टी सगळ्यांना मिळाली होती, तुलाही मिळाली, आणि तू मैत्रिणींबरोबर लोणावळ्याला गेलीस. वर फोनवर मला काय म्हणालीस? "आजी, मामी येईलच निवडून. आणि तशी ती तिथं विधानसभेत करते तरी काय गं? बाकं तर वाजवतात सगळे."

तेव्हा माझं वरण उतू जात होतं म्हणून वाचलीस. आता गप्प बसून ऐक.

माझी शाळा चौथीपर्यंतच. पुढचं वाचन झालं ते रद्दीतून. वाडीतला मोगरा दादरला जायचा, त्याच्या पुड्या बांधायला जुनी वर्तमानपत्रं यायची. मोगरा बाजूला ठेवून मी आधी बातमी पुरी करायची आणि माझ्या सासूबाई विहिरीवरून ओरडायच्या, "फुलं उमलतील तिथंच!" तेव्हा माझ्याकडून शुद्धलेखनाची अपेक्षा धरू नकोस. पण विधानसभेत तारांकित प्रश्न म्हणजे काय, लक्षवेधी म्हणजे काय, हे मला तुझ्याहून जास्त कळतं. का कळतं, तेच सांगते.

तुझी मामी विरारच्या बिल्डिंगमधली. लग्न होऊन आली तेव्हा शाळेत शिकवत होती. केळीचं लोंगर पहिल्यांदा जवळून बघितलं ते आपल्या वाडीत. कामाला वाघ, पण पाण्याचं तिचं ज्ञान नळापुरतं. हे मी तिच्या तोंडावर म्हणते, ती हसते.

आणि आपल्या गावाचं सगळं दुःखच मुळी पाण्याचं. तुला उघाडी आठवते का? खाडी आणि आपली भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध आहे, त्या बांधाला एक तोंड ठेवलेलं आहे, आणि त्या तोंडाला दार. त्यालाच उघाडी म्हणायचं. भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून दाराला रेटतं, दार घट्ट मिटतं. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी दाराला आतून ढकलतं, दार उघडतं आणि पाणी खाडीत निघून जातं. कुणी हात लावायला नको. माझे वडील त्या उघाडीचे राखणदार होते. माझं माहेर याच गावात, खालच्या आळीला. ओंडका अडकलाय का, फळी कुजलीय का, एवढंच त्यांनी बघायचं. त्यांनी मला घड्याळ शिकवायच्या आधी तिथी शिकवली. पौर्णिमेला आणि अमावास्येला दुपारी बाराच्या सुमाराला भरती, आणि पाणी उंच चढणार, ते उधाण. अष्टमीला पाण्यात जीव नसतो, चढतही नाही आणि फार उतरतही नाही, तो भांग. शिवाय अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी असते. हे नीट लक्षात ठेव, पुढं सगळं यावरच आहे.

तर ते दार कधीचं मोडलं होतं. बिजागऱ्या गंजल्या, दार चिखलात पालथं पडलं, आणि उधाणाला खारं पाणी सरळ शेतात. खाडीवरची आजी माहीत आहे ना तुला, माझी बालमैत्रीण, तिचं शेत बांधाला लागूनच. तिथं भाताचं रोप लागायचं, वीतभर व्हायचं आणि पिवळं पडायचं. खालच्या आळीच्या विहिरी मचूळ झाल्या. चहा केला तरी खारट लागायचा.

मामी पहिल्यांदा निवडणुकीला उभी राहिली तेव्हा हात जोडत खालच्या आळीला गेली. मीही बरोबर होते. खाडीवरची ओट्यावर बसून सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मतं मागाया सगले येतात. दार कोन लावनार?"

"मी लावीन, मावशी," मामी म्हणाली.

"मागचा पन हेच बोल्ला. त्याच्या आधीचा पन."

मामीनं जोडलेले हात सोडले. म्हणाली, "मग असं करू. हे एकदाच मागते. उघाडीला दार लागेपर्यंत या गावात मी दुसऱ्यांदा मत मागणार नाही. तुमच्याकडे नाही, कुणाकडेच नाही."

तुझ्या मामाचा चेहरा तेव्हा बघायला हवा होतास. दात दुखल्यासारखा झाला होता. खाडीवरचीनं मात्र पहिल्यांदा मान वर केली. "सासू साक्षीला आहे हां," म्हणाली. मी मान डोलावली. साक्षीदार झाले मी!

निवडून आली. आता आमदारकी म्हणजे काय ते आमच्या ओट्यावरून सांगते. सकाळी मी दार उघडायच्या आत माणसं बसलेली. कुणाचा रेशनचा अर्ज, कुणाच्या पोराला दाखला हवा, मनवेलपाड्याच्या बायका नळाला पाणी नाही म्हणून रिकामी कळशी घेऊनच आलेल्या. कळशी दाखवली की लवकर काम होतं असं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मी चहा द्यायची आणि वहीत लिहून घ्यायची, कोण आलं, कुठून आलं, काय म्हणालं. मामी रात्री जेवताना ती वही वाचायची. माझं अक्षर तिला लागतं. तिच्या ऑफिसातल्या शिकलेल्या मुलाला लागत नाही.

आणि अधिवेशन जवळ आलं की घराची शाळा व्हायची. प्रश्न कितीतरी आधी लिहून द्यावे लागतात गं, उठले आणि विचारलं असं नसतं. सगळे आमदार प्रश्न देतात, त्यातले थोडेच पुकारले जातात. प्रश्न लिहायचीही एक रीत आहे. अमुक गावी अमुक झाले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? मामी पोळ्या लाटताना मोठ्यानं म्हणून बघायची. मला सवयच लागली. भाजीवाला आला तरी मी म्हणायची, "वांगी ताजी आहेत, हे खरे आहे काय?"

उघाडीचा प्रश्न पहिल्यांदा लागला तो नागपूरच्या अधिवेशनात, थंडीत. त्या दिवशी मी वाडीत गेले नाही. मामानं मोबाइलवर सभागृह लावून दिलं. पण आमच्या प्रश्नापर्यंत गाडी पोचलीच नाही, वेळ संपला. मग उत्तर छापील आलं. संध्याकाळी मामीचा फोन. आवाज इतका बारीक की मला वाटलं नागपुरात तिला ताप आला.

"आई, उत्तर आलं. 'हे खरे नाही.'"

"काय खरं नाही?"

"खारं पाणी शेतात येतं, हे. खात्याचे साहेब येऊन पाहणी करून गेले होते. जमीन कोरडी होती, पाणी आलेलं दिसलं नाही, असं लिहिलंय. विधानसभेच्या कागदावर मी खोटी ठरले, आई."

"कधी आले होते साहेब?"

तिनं तारीख सांगितली. मी खुर्चीवर चढून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागचं पान उलटलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, अष्टमी होती! आणि किती वाजता आले?"

"दुपारी बाराला."

"अष्टमीला दुपारी बाराला तिथं बेडूकसुद्धा नसतो! कुणी दिली ही तारीख?"

मग म्हणाली, "मीच दिली. त्यांनी विचारलं, कधी येऊ. मला दोन कार्यक्रमांच्या मध्ये तो दिवस मोकळा होता. मी पोचले तेव्हा ते बघून निघाले होते."

बघ, म्हणजे साहेबांची काही चूक नव्हती. त्यांनी दिसलं ते लिहिलं. चूक आमच्या घरची. आणि मी त्या दिवशी कुठं होते? पुण्यात! तुझ्या नव्या खोलीत तुझी भांडी लावून देत होते. घरी असते तर तारीख ऐकूनच ओरडले असते. तेव्हा थोडा दोष तुझ्या भांड्यांचाही आहे.

ते उत्तर विरोधकांच्या हाती लागायला किती वेळ? नाक्यावर फलक लागला. मामीचा हसरा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, "हे खरे नाही." पोरं तिची गाडी दिसली की ओरडायची. खालच्या आळीलाही कुजबुज सुरू झाली, की हिनं प्रश्न मुद्दामच असा टाकला, म्हणजे दार लावायला नको. मी बाजारातून येताना खाडीवरची वाटेत भेटली, पण बोलली नाही. साठ वर्षांत पहिल्यांदा. मला जेवण गेलं नाही.

मामी नागपूरहून आली ती सरळ माझ्यापुढं येऊन बसली, वही-पेन घेऊन. "आई, मला तिथी शिकवा."

आमदार झालेली सून सासूपुढं मांडी घालून बसलीय आणि सासू बोटांच्या पेरांवर प्रतिपदा, द्वितीया मोजून भरतीची वेळ कशी काढायची ते शिकवतेय, हे चित्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. आठ दिवसांत शिकली. बांधावर नेऊन मी परीक्षाही घेतली. पास झाली.

पुढचं अधिवेशन मुंबईला, बजेटचं. या वेळी तिनं लक्षवेधी दिली. ती लागली, म्हणजे मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागणार. मी म्हटलं, मी येणार. प्रेक्षकांच्या गॅलरीचा पास काढला. दारावरच्या बाईनं माझी पिशवी तपासली, मोबाइल ठेवून घेतला, सुपारीची डबीही ठेवून घेतली. "आजी, आत काही खायचं नाही." मी म्हटलं, "मी खायला नाही, ऐकायला आले."

वरून सभागृह केवढं दिसतं! आणि आपली मामी एवढीशी, हिरव्या साडीत. तिचा नंबर आला. मंत्र्यांनी तेच वाचलं, पाहणी केली, पाणी आढळलं नाही. मामी उठली.

"अध्यक्ष महोदय, पाहणी कोणत्या तिथीला केली?"

सगळं सभागृह हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, पंचांग आणलंय का?"

"आणलंय," मामी म्हणाली, आणि पिशवीतून आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढलं. तेच, हळदीचा डाग पडलेलं. "अध्यक्ष महोदय, ती अष्टमी होती आणि ती तारीख मीच दिली होती, ती चूक माझी. अष्टमीच्या दुपारी आमच्या खाडीला ओहोटी असते. माझी सासू तिथल्या राखणदाराची मुलगी आहे, तिनं मला हे नंतर शिकवलं. माझी विनंती एवढीच, की साहेबांना पौर्णिमेला बारा वाजता पाठवा. पाणी आलं नाही तर मी याच सभागृहात माफी मागेन."

हसणं थांबलं. दुसऱ्या बाजूच्या बाकावरचे एक कोकणातले आमदार उठले आणि म्हणाले, ताई म्हणतात ते बरोबर आहे, आमच्याकडेही असंच असतं. मंत्रीही समजूतदार. म्हणाले, "मी पौर्णिमेलाच पाठवतो. आणि कॅलेंडर बघूनच पाठवतो." तेव्हा बाकं वाजली. तू म्हणतेस ना, नुसती बाकं वाजवतात? ती वाजली ती अशी. मीही वरून जोरात टाळ्या वाजवल्या. शिपाई धावत आला, "आजी, इथं टाळ्या वाजवायच्या नाहीत!" मी हात पदराखाली घेतले, पण तोंडावरचं हसू कुठं लपवणार? चूक माझी, असं तिथं उभं राहून सगळ्यांसमोर म्हणणं सोपं नाही गं. गॅलरीत माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंना मी सांगितलं, "ती माझी सून."

पौर्णिमेला साहेब आले. अकराला बांधावर सतरंजी घातली होती. भला माणूस, पण चकचकीत बूट घालून आला होता. खाडीवरची म्हणाली, "सायब, बूट काढा. पानी इचारून येत नाय."

ते हसले, बूट तसेच. साडेअकराला पाणी त्या मोडक्या तोंडातून आत आलं आणि शेताच्या सऱ्यांमधून असं पळत सुटलं की साहेब सतरंजीवरून उठेपर्यंत बूट भरले. त्यांनी पाणी बोटानं चाखलं, फोटो काढले आणि बूट हातात घेऊन अनवाणी गाडीपर्यंत गेले. जाताना मला म्हणाले, "आजी, पुढच्या वेळी तुम्हालाच विचारून येईन."

काम मंजूर झालं. पण मंजूर होणं आणि होणं यात किती पायऱ्या असतात ते मी तेव्हा पाहिलं. नकाशा, मग त्या नकाशावर शेरा, मग निविदा, मग पावसाळा. प्रत्येक अधिवेशनात मामी त्याची आठवण करून द्यायची. मंत्रालयातले लोक तिला बघून म्हणायचे, आल्या उघाडीवाल्या. शेवटी बांधकाम सुरू झालं, दगडी तोंड नवं झालं. लोखंडी दार कारखान्यात बनायला टाकलं, आणि निवडणूक जाहीर झाली.

आता कळलं ना पेच? काम आधी सुरू झालेलं, त्यामुळे ते चालू राहायला आचारसंहितेची आडकाठी नव्हती. पण दार लागलं नव्हतं. आणि मामीनं शब्द दिला होता.

कार्यकर्ते जमले ओट्यावर. एक म्हणाला, "ताई, बांधकाम झालंय की! लोकांना दिसतंय."

"मी दार म्हणाले होते," मामी म्हणाली.

"अहो, तुमचं स्वतःचं गाव आहे हे! इथं नाही मागितलं तर लोक म्हणतील, हिला घरच्यांचीच खात्री नाही."

"म्हणू देत."

मग सगळे माझ्याकडे वळले. "काकी, तुम्ही सांगा ना त्यांना."

मी म्हटलं, "मी साक्षीदार आहे बाबा. साक्षीदारानं मध्ये बोलायचं नसतं."

खरं सांगू? लढत अटीतटीची होती. आमच्या गावची मतं गेली तर ती पडेल हे मलाही कळत होतं.

मग ते पंधरा दिवस असे गेले की आठवलं तरी हसू येतं. मामी सकाळी घरातून निघायची ती हात बाजूला ठेवून. वाटेत शेजारी भेटले तर "काय, भात झोडून झालं का?" एवढंच. तळं ओलांडलं, गावाची हद्द संपली, की हात जोडले जायचे. परत येताना तळ्यापाशी हात खाली. पोरांनी त्याचा खेळच केला. तळ्याच्या अलीकडे उभं राहून म्हणायचे, "काकी, मत मागा ना!" आणि ती म्हणायची, "तुम्हाला मतच नाही, पळा."

मलाही तिनं मत मागितलं नाही. घरातल्या घरातसुद्धा! मी एकदा मुद्दाम भाकरी वाढताना म्हटलं, "माझं कुणाला द्यायचं मी अजून ठरवलं नाही." तर म्हणते, "विचार करून द्या, आई. वांग्याचं भरीत वाढा."

बाहेर मात्र मी तिच्याबरोबर फिरले. राजोडीला किनाऱ्यावर, वसईच्या बाजारात, चर्चच्या बाहेर रविवारी, मनवेलपाड्याच्या चाळीत. चाळीत तिसऱ्या मजल्यावर गुडघे बोलायला लागले, तर एका बाईनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाली, "आजी, नळाला येतंय हां आता. त्या कळशीत मी मनी प्लांट लावलाय." मी ते वहीत लिहिलं. तक्रारीच लिहायच्या असं थोडंच आहे?

प्रचार संपायच्या चार दिवस आधी दार आलं, मोठ्या ट्रकमधून. सगळा गाव बघायला. कार्यकर्ते नाचायलाच लागले. पण उधाणाचं पाणी होतं, बांधापाशी छातीभर. मिस्त्री म्हणाला, भांग लागल्याशिवाय उतरवता येणार नाही. मी पेरांवर मोजलं. प्रचार संपत होता सप्तमीच्या संध्याकाळी. दार बसणार अष्टमीला. मतदान नवमीला. म्हणजे मत मागायला मुभा होती तेव्हा दार नव्हतं, आणि दार बसेल तेव्हा मागायला बंदी.

तेव्हा एकानं तोडगा काढला. "दार नुसतं दोरानं तोंडाशी उभं करू. दोन फोटो काढू. लागल्यासारखंच दिसतंय. ताई संध्याकाळी खालच्या आळीला एक फेरी मारतील, झालं."

मामी ओट्याच्या पायरीवर बसली होती, पायांना तेल लावत. दिवसभर चालून टाचा फुटल्या होत्या. तिनं वर बघितलं. "भरती आली तर ते दार पाणी अडवेल का?"

"भरतीचा काय संबंध, ताई? फोटोपुरतं."

"एकदा अष्टमीला फसले. आता गावाला फसवू?" एवढं बोलून परत तेल लावायला लागली. विषय संपला. मला आत जाऊन डोळे पुसावे लागले. कांदा चिरत होते असं सांगितलं.

सप्तमीला संध्याकाळी भोंगे थांबले. अष्टमीला सकाळपासून मिस्त्री चिखलात. मामीनं तिकडे फिरकायचंसुद्धा नाही असं ठरवलं होतं, म्हणून मी गेले. नारळ नाही, हार नाही, भाषण नाही. दुपारी बाराला, त्याच मेल्या ओहोटीत, दार बिजागऱ्यांवर बसलं. मिस्त्रीनं हातानं ढकलून बघितलं, पाळण्यासारखं हललं. खाडीवरची माझ्या शेजारी उभी होती. किती दिवसांनी माझ्याशी बोलली. "सून काय आली नाय?"

"आचारसंहिता," मी म्हटलं.

"मत पन नाय मागितलान."

"नाही."

"तुला तरी?"

"मलापण नाही."

ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. मग म्हणाली, "येडी हाय." तिच्या तोंडी यापेक्षा मोठं कौतुक मी कधी ऐकलेलं नाही.

नवमीला मतदान. मी सकाळी सातला रांगेत पहिली. माझ्या मागं खाडीवरची, तिच्या मागं खालची आळी सगळी, म्हाताऱ्या काठ्या टेकत. कुणाला आणायला गाडी गेली नव्हती. मी मामीला द्वादशीपर्यंत, म्हणजे मतमोजणीपर्यंत, काही बोलले नाही. तिनंही विचारलं नाही. मतमोजणीच्या दिवशी विरार-वसईकडचं एकेक येत होतं, मध्येच ती मागं पडली, मामा मोबाइल सोडून अंगणात फेऱ्या मारायला लागला. मग आमच्या गावचं मशीन उघडलं. त्यानंतर ती मागं पडली नाही. आकडा मी सांगत नाही, मामाकडून ऐक, तो रोज वाढवून सांगतो. निवडून आली, बस.

पण मला विचारशील तर निकालाचा दिवस माझा नव्हेच. माझा दिवस पौर्णिमेचा. कारण दार लागलं म्हणजे काय, ते उधाणाला कळणार होतं. साडेअकराला सगळा गाव बांधावर. मामी गुलाल धुऊन, साध्या साडीत, माझ्या शेजारी. पाणी चढायला लागलं. दार हललं, थोडं आत-बाहेर झालं, आणि मग धप्प करून मिटलं. बाहेर पाणी चढतंय, पुरुषभर झालं, आणि आत शेत कोरडं. एक थेंब नाही. मला माझे वडील आठवले. ते असेच बांधावर उभे राहून पाण्याकडे बघत विडी ओढायचे.

मामीनं वळून खाडीवरचीपुढं हात जोडले. आमच्या गावात, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "मावशी, आता मागते. मला मत द्या."

"आता?" खाडीवरची म्हणाली. "मशीन उचलून नेली की गो!"

"पुढच्या वेळचं देऊन ठेवा."

"बघू. आंगनातली हीर गोड झाली तर."

सगळा बांध हसला. तिनं पदराखालून नारळ काढला आणि दगडावर आपटून फोडला. अर्धं खोबरं मामीच्या हातावर ठेवलं, अर्धं माझ्या. मग मला हळूच म्हणाली, "साक्ष पुरी झाली हां तुजी."

तेव्हा बाळ, आता पुन्हा म्हणशील का, मामी काय करते? ये एकदा आणि बघ. तिच्या हातचं भरीत खा, खाडीवरचीच्या विहिरीचा चहा पी, अजून जरा मचूळ आहे पण फरक पडलाय. या पावसाळ्यात नवीन भात लागलंय तिच्या शेतात, हिरवंगार. लवकर ये हां, मी काही रोज तरुण होत नाहीये. आणि येताना मला विचारून ये. अष्टमीला आलीस तर नुसता चिखल बघून परत जाशील. येत्या पौर्णिमेला ये, बाराच्या आत. मी बांधावर सतरंजी घालून ठेवते.